सुताचा भात

आमच्या घरात भात माणसांसाठी शिजायचा नाही. तो सुतासाठी शिजायचा, आणि सुताचं भागलं की मागे राहिलेला आम्ही खायचो. हे मी रागाने सांगते आहे असं वाटेल, तर तसंच आहे. इतकी वर्षं झाली, बाबा गेले, आत्या गेली, आईही गेली, पण चुलीवरच्या त्या पातेल्यावरचा माझा राग गेलेला नाही. माणसांवर धरता येत नाही, म्हणून मी तो पातेल्यावर धरते.

नागपुरात पाचपावलीच्या अंगाला आमची विणकरांची गल्ली होती. साठ सालानंतरची गोष्ट, मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. घरोघरी खड्ड्याचे माग होते. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा. बाबा दिवसभर तसे अर्धे जमिनीत असायचे. मी अगदी लहान होते तेव्हा मला वाटायचं, बाबांना कमरेखाली काही नाहीच.

विणायच्या आधी ताण्याच्या उभ्या सुताला खळ द्यावी लागते. नाही दिली तर सूत फणीत घासून तुटतं. आमच्याकडे खळ म्हणजे भाताची पेज. सकाळी भरपूर पाण्यात तांदूळ शिजवायचा, झाकण तिरपं धरून सगळं पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं, आणि ते दाट, चकाकणारं पाणी घेऊन बाबा बाहेर जायचे. गल्लीत बांबूंवर ताणा पसरलेला असायचा. ते कुंच्याने पेज लावत लावत पुढे सरकायचे आणि ऊन चढेपर्यंत सूत कडक वाळायचं. पातेल्यात राहायचा तो भात मोकळा, शुभ्र आणि चवीला काहीच नाही असा. पेजेत कोणी बोट बुडवलं तर पाठीत धपाटा बसे. मी तो पुष्कळदा खाल्ला आहे, धपाटा, पेज नव्हे.

त्यात बाबांची ख्याती पांढऱ्या धोतरांची. पांढऱ्या सुताला लालसर तांदळाची पेज चालत नाही, कापडाच्या अंगावर मळकट झाक राहते आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. म्हणून आमच्या घरी हातसडीचा तांदूळ कधी येत नसे. गिरणीत घासून गोरा केलेला तांदूळ आणायचा आणि तोही पुन्हा धूत राहायचं, धुतलेलं पाणी नितळ दिसेपर्यंत. पाहुणे आमच्या ताटाकडे बघून म्हणत, भात असावा तर असा. त्यावर आत्याचा चेहरा खुलायचा.

हल्ली कोणी जीवनसत्त्व हा शब्द काढला की माझं डोकं फिरतं. शाळेत आमच्या वर्गाच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता होता. गाजर, पालेभाजी, अंडी, दूध, आणि कशाने काय होतं ते समोर लिहिलेलं. तो मला तोंडपाठ होता. पण तो तक्ता शाळेत होता आणि चूल घरी होती, दोघांची कधी गाठ पडली नाही. आमच्या चुलीवर काय शिजावं हे ताणा ठरवायचा.

चूल आत्याच्या ताब्यात होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, लग्नानंतर थोड्याच दिवसांत कपाळ पांढरं होऊन परत आलेली. ती दुष्ट नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही तिला दोष द्याल, आणि तो द्यायचा हक्क मी कोणाला दिलेला नाही. आईला दिवस गेले की ती आईला पाण्याची बादली उचलू देत नसे. तिला स्वतःचं मूल नव्हतं आणि आमच्या घरात पाळणा हलावा म्हणून तिचा जीव तुटायचा.

मी झाले ती आईच्या माहेरी, पारशिवनीकडच्या एका खेड्यात, पहिलं बाळंतपण म्हणून. मी ठणठणीत निघाले. माझ्यानंतर भाऊ झाला, तो मात्र नागपूरच्या घरात. चांगला गुटगुटीत होता. दोन-अडीच महिन्यांचा झाला आणि दूध टाकायला लागला. ओकायचा, धापा टाकायचा, आणि मग त्याचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग नुसता वारा. तो रडायचा म्हणजे तोंड उघडायचा, चेहरा लाल व्हायचा, कपाळाला आठ्या पडायच्या, आणि आवाज मात्र नाही. मी पाळण्याशी उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. दुसऱ्या दिवशी तो गेला.

गल्लीने निकाल दिला की नजर लागली. आत्याने नजर उतरवली होती, त्यामुळे तिचा त्यावर विश्वास बसेना. तिने आपल्या परीने विचार केला. पोर आईच्या दुधावर होतं, दुसरं काही त्याच्या पोटात गेलंच नव्हतं, म्हणजे दुधातच काहीतरी उतरलं. आणि दुधात उतरतं ते आईच्या ताटातून. इथपर्यंत तिचा विचार बरोबर होता. आजही मला त्याचंच नवल वाटतं, की ती दारापर्यंत येऊन पोचली होती आणि तिथून उलटी वळली.

"हिरव्या भाजीनं झालं," आत्या म्हणाली. "अंबाडीची भाजी खाल्ली होती तिनं. ते लेकराले बाधलं."

पुढच्या खेपेला आईच्या ताटातून भाजी गेली. राहिलं ते भात, पातळ वरण, कधीमधी भाकरी आणि चमचाभर तूप. दुसरा भाऊ झाला, तोही गुटगुटीत, आणि तोही त्याच वयाला त्याच वाटेने गेला. तेच ओकणं, तेच उघडं तोंड आणि तेच न ऐकू येणारं रडणं. त्या वेळी आई भिंतीला टेकून बसली होती आणि म्हणत होती, "रड रे बाप्पा, मोठ्यानं रड." बाबांनी माग बंद केला, गल्लीतली चार माणसं बोलावली आणि ते बाहेर पडले. परत आल्यावर खड्ड्यात उतरून बसले, पण धोटा काही त्यांनी फेकला नाही.

आत्याने आता डाळीवर बोट ठेवलं. डाळीने वायू होतो. मग डाळ गेली. मग ज्वारीची भाकरी गेली, कारण ती पचायला जड. आई तिसऱ्यांदा गरोदर राहिली तेव्हा सुरुवातीपासूनच तिच्या ताटात भात, मीठ आणि दोन थेंब तूप एवढंच उरलं होतं. आम्ही बाकीचे संध्याकाळी भाकरी आणि डाळीचं पाणी खायचो, कधीमधी एखादी भाजी. आईला घरातलं सगळ्यांत शुभ्र, सगळ्यांत धुतलेलं अन्न मिळायचं. आत्या तिच्यासाठी तांदूळ वेगळा निवडून ठेवायची, एखादा लालसर दाणा दिसला तर काढून फेकायची. लाडच करायची ती.

आईच्या पायांना मुंग्या यायच्या. मग मुंग्या येणंही बंद झालं. चालताना पायातली चप्पल मागे राहून जायची आणि तिला पत्ता नसायचा, मी मागून उचलून न्यायचे आणि आम्ही दोघी हसायचो. एकदा चुलीतला निखारा तिच्या अंगठ्यापाशी येऊन पडला, कातडी भाजल्याचा वास आल्यावर तिने खाली पाहिलं. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला बसली की उठताना मला हाक मारायची. गरोदर बाईचं असंच असतं, असं सगळ्याच बायका म्हणाल्या.

सातव्या महिन्यात मामा आला. बहिणीची दोन मुलं गेली म्हणून त्याने गावाहून डोक्यावर पोतं वाहून आणलं होतं, हातसडीच्या तांदळाचं, मामीने स्वतः मुसळाने कांडलेल्या. आईने पोत्यात हात घातला आणि मूठभर दाणे नाकाशी धरले. माहेर आठवलं की तिचा चेहरा कसा व्हायचा हे मला माहीत होतं. मामाची पाठ वळताच आत्याने ते पोतं हमालाकरवी गिरणीवर पाठवलं. संध्याकाळी तांदूळ परत आला तो मोगऱ्याच्या फुलासारखा. वरचा लाल कोंडा गिरणीवाल्याच्या म्हशींनी खाल्ला. आत्या आनंदाने तांदूळ दाखवायला आली, "पाय वं, तुह्या माहेरचा तांदूळ कसा निघाला." आई हसली. काय करणार होती?

या वेळी मुलगी झाली. आत्याने हुश्श केलं. तिचं म्हणणं, जे काही आहे ते मुलग्यांच्या जिवावर उठलेलं आहे, मोठी पोरगी नाही का वाचली. मी म्हणजे तिचा पुरावा. तरी पथ्य तिने सोडलं नाही. आईने बाळंतपणानंतर एकदा भीत भीत विचारलं, "बाई, थोडं वरण द्या न. नुसता भात घशाखाली उतरत नाही."

"एवढे दिवस काढ," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पाया पडते तुह्या. हे एक लेकरू राहू दे आपल्याले."

नणंद पाया पडते म्हटल्यावर आईने पुढे काय बोलावं. तिने भात कालवला. त्याच वेळी चुलीशी पेजेचं भांडं निवत होतं, आणि आईने निदान ती तरी मागितली. आत्या म्हणाली की पेज बाळंतिणीला थंड पडते, आणि शिवाय बाहेर ताणा लागलेला आहे. ते खरंच होतं. बाबा बाहेर हाक मारत होते.

बहीण वाढत होती, आणि घरातलं कोणी तिच्या वयाबद्दल बोलत नव्हतं. महिना भरला, दोन भरले, कोणी तोंडातून काढलं नाही. पण ती रडली की घर थांबायचं. बाबांचा धोटा थांबायचा, आत्याच्या हातातली पळी थांबायची. सगळे तिच्या आवाजाला कान लावायचे, आणि तो खणखणीत निघाला की पुन्हा कामं सुरू. एवढी कान देऊन ऐकलेली पोर साऱ्या नागपुरात दुसरी नसेल. आमचा जीव तिच्या घशात अडकला होता.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी ती दूध ओकली. मग रडली, आणि तिचा तसा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. चिरका, फाटका, आत ओढलेला. मी आईकडे पाहिलं, आई आधीच माझ्याकडे बघत होती. दुपारी तो आवाजही गेला. बाळाचे ओठ निळसर दिसायला लागले आणि नाकपुड्या भात्यासारख्या हलायला लागल्या.

आई तिला घेऊन मागापाशी गेली. "आयकता का," ती बाबांना म्हणाली, "हिचाही आवाज गेला."

आत्या दारात आली. तिचा धीर पार सुटला होता. एका जाणत्याला बोलवा, अमक्या देवीला नवस बोला, आईच्या अंगावरचं दूध तोडा, असं एकामागून एक म्हणत सुटली. बाबा खड्ड्यातून वर चढले. ते फारसं बोलत नसत. त्यांनी आत्याला एवढंच सांगितलं, "दोन डाव आपण घरी बसून पायलं. आता मी घरी बसत नाही." बाहेर ओला ताणा पसरलेला होता, अर्धी पेज लावून झालेली. तो तसाच टाकून त्यांनी सायकलरिक्षा बोलावली. मला का नेलं हे मला माहीत नाही, बहुतेक आईला उठताबसता हात द्यायला.

सीताबर्डीत गर्दी होती. सणाची खरेदी चालली होती, रिक्षा दोनदा अडली. कापडाच्या दुकानात पांढरी धोतरं घड्या घालून ठेवलेली मला दिसली. बाबा रिक्षाबरोबर पायी धावत होते आणि लोकांना "बाजूले व्हा गा, लेकरू हाय" म्हणत होते. लोक रिक्षात डोकावायचे, बाळ गप्प दिसायचं, आणि ते सावकाश बाजूला व्हायचे.

मोठ्या दवाखान्यात तसंच झालं. लांबलचक व्हरांडा, बाकांवर आणि जमिनीवर बायका, प्रत्येकीच्या मांडीवर एक रडणारं पोर. जे जास्त ओरडेल त्याच्याकडे नर्स आधी वळायची. आमचं पोर त्या सगळ्यांहून जास्त रडत होतं, पण ते कानाला कळत नव्हतं. नर्स जवळून गेली, बाबा पुढे झाले, तिने आईच्या पदराकडे एक नजर टाकली. "झोपलं आहे ना बाळ? मग बसा, नंबर येईल," म्हणाली आणि गेली. बाबा हात जोडून तिच्या मागे चार पावलं गेले. दारावरच्या शिपायाने त्यांना परत बाकाकडे आणलं.

आम्ही बसलो. माझ्याजवळ बसलेल्या बाईचं मूल पाय भाजून आलं होतं, ते किंचाळत होतं. मला त्या मुलाचा हेवा वाटला. आईने पदर बाजूला केला आणि बाळाचं तोंड पाहिलं. ते उघडं होतं, जीभ थरथरत होती. मग आईने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. माझी आई हळू बोलणारी बाई. शेजारणीला हाक मारायची तर मला पाठवायची. तिने डोळे मिटले, मान वर केली आणि तिथेच बसल्या जागी लहान मुलासारखी रडायला लागली. मोठ्याने, लांब सूर धरून, श्वास संपला की थांबून पुन्हा. आपल्या पोरीचं रडणं ती स्वतःच्या घशातून रडत होती. व्हरांडा गप्प झाला. रडणारी पोरंसुद्धा गप्प झाली. मला तिची लाज वाटली नाही, मला वाटलं हिने थांबू नये.

एक तरुण डॉक्टरीण आतून बाहेर आली. तिने बाळ उचललं, उजेडाकडे नेलं, त्याच्या छातीला कान लावला, मग नळी लावली. "हिचा आवाज कधीपासून गेला?" असं तिने विचारलं. हे विचारणारी ती पहिलीच. मग तिने आईला खाली उकिडवं बसून उठायला सांगितलं. आई बसली, आणि तिला उठता येईना. मी सवयीने हात द्यायला गेले तर डॉक्टरीण म्हणाली, थांब. आई जमिनीवर तळवे टेकून झगडत राहिली. डॉक्टरणीने तिच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय हलला नाही.

"काय काय खाता तुम्ही?"

आईने अगदी भरवशाने सांगितलं, "फक्त भात, बाई. एकदम पांढरा. बाधन असं काही म्हणजे काही खाल्लं नाही मी."

डॉक्टरणीने सुई मागवली. बाळाला टोचली, मग आईला टोचली. तेव्हा समजावायला तिच्याकडे वेळ नव्हता. बाळाला आत नेलं. बाबा भिंतीशी उभे, आई बाकावर, मी मध्ये. अंधार पडायच्या सुमाराला नर्स म्हणाली की धाप कमी आहे, रात्र निघू द्या. ती कशी निघाली ते मी सांगत बसत नाही. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना ते कळू नये अशी माझी इच्छा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आली. पाचपावलीहून पायी आली होती, कारण वाटेत लागेल त्या देवळापुढे तिला थांबायचं होतं. तिच्या हातात डबा होता. ती खाटेपाशी आली आणि त्याच वेळी बाळाने डोळे उघडले, तोंड वेडंवाकडं केलं, आणि रडलं. आवाज बारीक होता, भोकाड म्हणावं असा नव्हताच. पण तो आवाज होता. बाबा मटकन खाली बसले. मला हसू फुटलं आणि ते थांबेना, नर्सने दटावलं तरी थांबेना.

डॉक्टरीण आली. तिने आत्याच्या हातातला डबा घेतला, उघडला आणि आतला भात बघत राहिली. तो नेहमीसारखाच देखणा होता. मग ती आम्हाला समजेल असं सावकाश बोलली. म्हणाली की तांदळाच्या वरच्या तांबूस सालीत एक जीवनसत्त्व असतं, अगदी थोडं लागतं, पण ते नसलं की पाय मरतात, काळीज थकतं. ते गिरणीत अर्धंअधिक जातं, धुण्यात जातं, आणि जे उरतं ते शिजवलेल्या पाण्यात उतरतं. डाळीत असतं, भाकरीत असतं, भाजीतही थोडं असतं, म्हणून घरातले बाकीचे तगले, पण पोटात किंवा अंगावर मूल असलेल्या बाईला तेवढं पुरत नाही, तिला ते जास्त लागतं. आणि या बाईच्या ताटात तर आता ते कुठूनच येत नव्हतं, म्हणून तिच्या दुधात नव्हतं. मूल पोटभर पीत होतं आणि आतून उपाशी होतं.

"म्हणजे पेजेत उतरते ते?" बाबांनी विचारलं.

"बरंचसं."

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत कालची पेज अजून वाळून चिकटलेली होती. ते उठून व्हरांड्यात गेले.

"बाई," आई डॉक्टरणीला म्हणाली, "हिच्या आधी दोघं होते."

डॉक्टरणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, आता ते मनात आणू नका.

"त्याइलेही हेच झालं होतं का?"

डॉक्टरीण खोटं बोलली असती तरी मी तिला माफ केलं असतं. पण ती वयाने लहान होती आणि खरी होती. "मी पाहिलं नाही त्यांना," ती म्हणाली, "पण तुम्ही सांगता त्यावरून, हेच असावं." मग बाळाला दूध पाजायला हरकत नाही, सुई दोघींना दिलेली आहे, असं सांगून ती पुढच्या खाटेकडे वळली.

बाळ आता भुकेने रडत होतं. आईने त्याला उचललं आणि पदराखाली नेलं नाही. त्याला हातभर लांब धरून ती बसून राहिली. पोर तोंडाने चाचपडत होतं आणि आई मागे मागे सरत होती, आपल्याच अंगाला ती भ्याली होती. मी म्हटलं, "आई, पाज न तिले." तिने मान हलवली.

"आधी मले खाऊ द्या," ती म्हणाली.

आत्याने सवयीने डबा पुढे केला आणि लगेच मागे घेतला, चटका बसल्यासारखा. शेजारच्या खाटेवर उमरेडकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. तिने काही न विचारता आपल्या फडक्यातली ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ काढून आमच्याकडे सरकवली. आईचे हात बाळात गुंतले होते, म्हणून आत्या खाटेच्या कडेला बसली, भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि आईच्या तोंडात घातला. आई खायला लागली. माझ्या आईला सगळ्यांच्या आधी जेवताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. ती भराभर चावत होती, डोळे बाळावर, आणि डोळ्यांतलं पाणी तोंडापर्यंत येऊन घासाबरोबर आत जात होतं. बाळ रडत होतं आणि त्याला गप्प कर असं आमच्यापैकी कोणीच म्हणत नव्हतं.

आत्याचा हात घास घेऊन मध्येच थांबला.

"त्या दोघाइले मी मारलं का वं?" तिने विचारलं.

आईच्या तोंडात भाकरी होती. पण नुसती मान हलवून नाही म्हणायला तिला काही अडचण नव्हती. पुढे आयुष्यभर दोघी एका घरात राहिल्या, आईने आत्याचं दुखणंखुपणं काढलं, शेवटचं पाणीही तिनेच पाजलं. पण त्या दुपारी ती नुसती चावत राहिली. मग तिने तो घास गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं, आणि आत्याने तो दिला.